एक तापा, दोन तापे

प्रश्न असा आला आहे: मित्रमंडळी एका छोट्याशा स्पॅनिश रेस्टॉरंटात जेवायला गेली. मेन्यूवर ‘तापास’ होतं, म्हणजे पेयाबरोबर छोट्या बशीत येणारं खाणं. एकजण म्हणाला, हा आपला चखणाच की. दुसरी म्हणाली, छे, स्टार्टर. मग याला मराठीत म्हणायचं काय? आणि ‘एक तापास द्या’ हे बरोबर का?

आधी उच्चार. ‘टॅपस’ हा इंग्रजांच्या तोंडून आलेला. स्पॅनिशमधला ‘त’ आपल्या ताकातलाच, तेव्हा बिनधास्त ‘तापास’ म्हणा. फक्त लिहिताना दुसरा काना विसरू नका, नाहीतर तापसाच्या, म्हणजे तपस्व्याच्या, पानात डुकराच्या मांडीचे काप पडतील. पहिला काना विसरलात तर तपास, मग पोलीसच येतील.

‘तापा’चा मूळ अर्थ झाकण. ‘तापार’ म्हणजे झाकणे. गोष्ट अशी सांगतात की स्पेनचा विसाव्या शतकातला राजा तेरावा आल्फोन्सो कादिस शहराजवळच्या एका खाणावळीत बसला होता, वाऱ्याने वाळू उडत होती, म्हणून वेटरने त्याच्या वाइनच्या ग्लासावर हॅमचा काप ठेवला. राजाने काप खाल्ला, वाइन संपवली आणि पुढचा ग्लास ‘झाकणासकट’ मागवला. पुरावा काही नाही. प्रथेचं श्रेय काहीजण दहाव्या आल्फोन्सोला देतात, आणि तो तर तेराव्या शतकातला! झाकणाचा अर्थ पक्का, राजे ऐच्छिक.

आता चखणा. हा चाखण्यातून आला. म्हणजे आपण नाव जिभेवरून ठेवलं, त्यांनी ग्लासावरून. नातं दोन्हीकडे पेयाशीच, त्यामुळे तुमचा मित्र फार चुकला नाही. ग्रानादात तर ड्रिंक मागवलं की सोबत एक तापा फुकट येतो, तिथे तो अगदी चखणाच. पण आपल्याकडे ‘चला, चखणा खायला जाऊ’ असं कोणी म्हणत नाही. तो बाटलीच्या मागून येणारा, शेंगदाणे नाहीतर फरसाण. स्पेनमध्ये मात्र लोक तापास खायलाच घराबाहेर पडतात. त्याला ‘तापेआर’ असं स्वतंत्र क्रियापदच आहे: एका बारमध्ये उभ्या उभ्या एक ग्लास, एक बशी, की पुढचा बार. सेविलला १६७० सालापासूनचा ‘एल रिंकोन्सियो’ आहे. तिथे तुमचा हिशेब लाकडी काउंटरवर, तुमच्या समोरच, खडूने मांडतात. बास्क प्रांतात याच जातीच्या खाण्याला ‘पिंचो’ म्हणतात, टोचलेल्या काडीवरून. शेवटी बशीतल्या काड्या मोजायच्या आणि पैसे द्यायचे.

स्टार्टर मला मुळीच पटत नाही. स्टार्टर म्हटलं की पुढे जेवण आलं. इथे तापानंतर दुसरा तापा. शिवाय तापा हा पदार्थ नव्हे, ते माप आहे. तेच ऑम्लेट, त्याच कोळंब्या मोठ्या ताटलीत आल्या की त्यांचं नाव ‘रासिओन’.

तेव्हा भाषांतर नको, शब्दच घ्या. मात्र घ्यायचा तर आपल्या व्याकरणात घ्या. ‘तापास’ हे अनेकवचन, म्हणून ‘एक तापास’ हे बसमधल्या ‘एक लेडीज उभी आहे’सारखं झालं. एकवचन ‘तापा’. तिकडे तो स्त्रीलिंगी, पण पिझ्झा आणि पास्ताही इटालियनमध्ये स्त्रीलिंगीच आहेत, आणि आपण त्यांना केव्हाच ‘तो’ करून टाकलं. दोन पिझ्झे होतात तर दोन तापे का नाहीत? पहिल्यांदा म्हणताना हसू येईल. येऊ द्या.

जाता जाता, तुमच्या टेबलावर ‘पातातास ब्राबास’, म्हणजे तिखट सॉसमधले तळलेले बटाटे, आलेच असतील. (लिहितात ‘व’, पण उच्चार ‘ब’; बंगाली मंडळींशी जमेल.) ही ‘पाताता’ आपल्या बटाट्याची जवळची नातेवाईक. कॅरिबियन बेटांवरच्या भाषेतला ‘बताता’ म्हणजे खरं तर रताळं. स्पॅनिशांनी त्यात दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतली ‘पापा’, म्हणजे बटाटा, मिसळून ‘पाताता’ केली; पोर्तुगीजांनी ‘बताता’ तसाच ठेवला आणि तो आपल्याकडे बटाटा झाला. ‘ब्राबा’ म्हणजे रागीट, रानटी. तेव्हा या पदार्थाला ‘तापट बटाटे’ म्हणायला माझी हरकत नाही, जरी त्यांचा तिखटपणा आपल्या ठेच्यापुढे अगदीच सोशिक असला तरी.