वय ३८, पोहता येत नाही, सायकल साधी. रावेरला राहून ट्रायथलॉनची तयारी होईल का? कोणती सायकल घ्यावी?

होईल. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, सगळं सलग. सायकलचं नंतर बघा, आधी श्वास शिका.

मी यावल तालुक्यात केळी लावतो. हाच प्रश्न साडूंनी एका साखरपुड्यात भर पंगतीत काढला होता, आणि उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं. "साडूभाऊ, ही पुण्या-मुंबईची कामं. लाखाची सायकल लागते, कोच लागतो. तुमच्याकडे पोहायला जागा तरी आहे का?" पाहुणे हसले. मला ते लागलं, अजून लागतं.

माझं स्पष्ट मत आहे की स्प्रिंटमधले, म्हणजे छोट्या अंतराच्या ट्रायथलॉनमधले, ७५० मीटर पोहताना आपल्याकडचा माणूस हातापायाने दमत नाही. शेतात राबलेलं अंग असतं ते. तो दमतो कारण तोंड पाण्याबाहेर ठेवून पोहतो. मान वर राहिली की कंबर आणि पाय खाली जातात, मग सगळी ताकद तरंगण्यातच संपते. तोंड पाण्यात घालून श्वास पाण्यातच सोडायचा, आणि मान कडेला वळवून घ्यायचा, हे जमलं की निम्मं काम झालं. त्याला तरण तलाव लागत नाही.

मी ते गुरांच्या हौदात शिकलो. पहाटे, दूध काढायच्या आधी. काठावर हात टेकायचे, तोंड कानापर्यंत पाण्यात घालायचं, नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडायचे, मान डावीकडे वळवून श्वास, परत आत. एके दिवशी शेजारच्या मावशी शेण भरायला आल्या. अंधारात त्यांना दिसलं काय, तर माणसाचं डोकं हौदात आणि वर नुसते बुडबुडे. त्यांनी "धावा रे, पोरगं गेलं!" म्हणून बोंब ठोकली आणि माझं बनियन मागून धरून ओढलं. मला वाटलं बैलाने शिंग घातलं, म्हणून मी जोर केला पुढे. बनियन टरकन फाटलं, मी हौदात आणि मावशी शेणाच्या पाटीत. गल्ली गोळा झाली. फेफरं आलं म्हणून एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. आईने मात्र मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "कोणाचं देणं झालं का रे बापू?"

शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न का येतो ते तुम्हाला सांगायला नको. मी सगळ्यांसमोर परत हौदात तोंड घालून दाखवलं, शर्यतीचं समजावून सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मग आधी सांगायचं ना." दुसऱ्या दिवसापासून त्या शेण भरता भरता मोठ्याने माझे श्वास मोजायला लागल्या. त्यांच्यापेक्षा चांगला कोच मला मिळाला नाही, हे मी साडूंना तोंडावर सांगितलंय.

पुढे जळगावला तलावात शिकवणी लावली तेव्हा तिथल्या सरांना मला श्वासाचं काहीच शिकवावं लागलं नाही. थेट हात मारायला घेतले.

सायकलवरून उतरून लगेच पळायची सवय वेगळी करावी लागते. सुरुवातीला मांड्या जड पडतात, पाय आपले वाटतच नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदा तरी सायकल भिंतीला टेकवून तसंच पळायला निघा. फैजपूर रोडला मी ते करायचो तेव्हा हेल्मेटसकट पळणारा माणूस बघून मोटारसायकलवाले थांबायचे. "कुठी पयू राहिला भो? बस मागं." प्रेमाने विचारतात, नाही म्हणताना जिवावर येतं. हेल्मेट सायकलजवळच काढून ठेवलं की कमी थांबतात.

सायकल घरची घ्या. नवशिक्यांच्या बहुतेक स्पर्धांत ब्रेक धड आहेत का आणि हेल्मेट आहे का एवढंच बघतात. हेल्मेटचा पट्टा सायकलला हात लावायच्या आधी लावायचा, हा नियम मात्र कडक असतो. लाखाची सायकल घेऊन साडू अजून पाण्यात उतरलेले नाहीत. पैसे असतील तर आधी शिकवणीवर घाला, आणि ज्यांनी तुम्हाला जागा विचारली त्यांना हौद दाखवा.

एक राहिलं, आणि ते आधीच लिहायला हवं होतं. शेततळ्यात सरावाला उतरू नका. खालच्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं, पट्टीचा पोहणाराही कडेवर चढू शकत नाही, घसरून घसरून दमतो. हतनूर धरणाच्या फुगवट्यातही एकट्याने नको, गाळ फार आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत घरी या. आणि ३८ वय म्हणताय, तर एकदा डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या.