राहिलेला थेंब दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना काचबिंदू आहे. रात्री लॅटानोप्रोस्ट आणि सकाळ-रात्र टिमोलॉल चालू आहे. रात्री टीव्हीपुढेच झोप लागते, मग सकाळी ‘कालचा राहिला’ म्हणून लॅटानोप्रोस्टचे दोन थेंब टाकतात. गालावर ओघळलं की आणखी एक. दोन्ही औषधं एकापाठोपाठ टाकतात. बाटल्या खिडकीत असतात. हे बरोबर आहे का?
– एक सून, महाल, नागपूर

उत्तर : ताई, मामाजींची काळजी खरी आहे, हिशोब मात्र चुकतो आहे. लॅटानोप्रोस्ट दिवसातून एकदाच. जास्त वेळा टाकलं तर डोळ्यातला दाब उतरण्याचा परिणाम उलट कमी होऊ शकतो. राहिला तो राहिला. पुढचा थेंब ठरल्या वेळी, एकच. टिमोलॉलही दुप्पट करायचं नाही. विसर पडू नये म्हणून जेवण झालं की आधी बाटली, मग टीव्ही.

ओघळण्याचं म्हणाल तर डोळ्यात मुळात पूर्ण थेंब मावतच नाही. थोडं गालावर येणारच. नेम चुकून सगळाच बाहेर पडला, तरच दुसरा. बाटलीचं तोंड पापणीला लागू देऊ नका. थेंब पडला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरायचा. तिथून औषध नाकात-घशात उतरतं आणि रक्तात जातं. टिमोलॉलच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण त्याने नाडी मंदावते, दमेकऱ्याला धाप लागते. मामाजींना दमा किंवा हृदयाचा त्रास आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. मनाने मात्र काही बंद करू नका.

दोन औषधांत किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं.

आता खिडकी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, कुलर लावूनही खोली २५ अंशांवर येत नाही. लॅटानोप्रोस्टच्या बऱ्याच बाटल्या न फोडलेल्या असताना २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात आणि फोडल्यावर २५ च्या आत, तेही साधारण सहा आठवडेच. उजेडही त्याला सोसत नाही. तुमच्या खोक्यावर काय छापलंय ते वाचा. उन्हाळाभर फ्रिजच्या दारात खोक्यासकट ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि फोडल्याची तारीख पेनाने लिहा. गार थेंब डोळ्यात पडला की पटकन कळतो, हा वरचा फायदा.

या दाबाचं बहुधा दुखत नाही, म्हणून चार थेंबांनी जास्त उतरला असं कुणालाही वाटतं. खरं यंत्रावरच कळतं. पुढच्या तपासणीला बाटल्या सोबत न्या आणि मामाजींना डॉक्टरांसमोर थेंब टाकून दाखवायला सांगा. चिडतील थोडे, चिडू द्या.