रिंकवरचं पहिलं वर्ष

प्रिय मुली,

पुण्यात इतकी वर्षं इनलाइन (एका रांगेतल्या चाकांवरचं) स्पीड स्केटिंग केलंस, आता न्यू जर्सीत बर्फावर फिगर स्केटिंगला उतरायचंय आणि तेही थेट स्पर्धेच्या तयारीला. 'सोळावं लागलं, उशीर झाला का मावशी?' हा तुझा प्रश्न दोन दिवस मनातून जात नाहीये.

वेगाची तुला भीती नाही, हे मोठं भांडवल. पण पुढे झुकायची सवय इथे नडेल. फिगर स्केटच्या पात्याला पुढे दाते असतात, त्यांना टो पिक म्हणतात. वजन पुढे गेलं की ते बर्फात रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. पात्याच्या तळाला लांबीभर पन्हळ असते, म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा. गिरक्या, वळणं, उड्या, सगळं या कडांवर उभं आहे. उडी कुठलीही मार, उतरायचं बहुतेक वेळा मागे सरकत, बाहेरच्या कडेवर.

मी कोच म्हणून एका मुलीला सहा महिन्यांत स्पर्धेत उतरवलं होतं. उड्या मारायची, पण ती कड तिला धरताच यायची नाही. पुढे सगळं मुळापासून शिकवावं लागलं आणि त्यात तिची हौसच गेली. चूक माझी होती. अजून सलते.

म्हणून पहिलं वर्ष 'लर्न टू स्केट यूएसए'च्या गटवर्गात काढ. बेसिक १ ते ६ अशा पायऱ्या आहेत. सुरुवातीला पडायचं कसं, उठायचं कसं हेच शिकवतात. लाज वाटेल, तरी शीक. हा वर्ग कमी दर्जाचा मुळीच नाही; राष्ट्रीय स्पर्धा भरवणारी यू.एस. फिगर स्केटिंग हीच संस्था तो चालवते. स्पर्धेची चव घ्यायचीच असेल, तर आइस स्पोर्ट्स इंडस्ट्री (आयएसआय) या दुसऱ्या संस्थेच्या स्पर्धा बघ. तिथे तुझ्या पायरीवर दुसरं कुणी नसलं तरी ठरलेल्या निकषांवर गुण मिळतात.

पूर्ण स्पर्धेची वाट म्हणजे शाळेआधी पहाटे रिंक, बर्फावरच्या वेळेचे पैसे वेगळे, कोचचे वेगळे, शिवाय चाचण्यांची फी, संगीत, पोशाख. आईबाबांशी हे आधीच बोलून घे.

आणि उशिराचं म्हणशील, तर फिगर स्केटर ॲलिसा लिऊ २०१९ मध्ये १३व्या वर्षी अमेरिकेची विजेती झाली आणि तुझ्याएवढी असताना, २०२२ मध्ये, खेळ सोडून घरी बसली. दोन वर्षांनी स्वतःच्या मर्जीने परतली आणि मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला जगज्जेती झाली.

बूट ऑनलाइन मागवू नकोस. मोठ्या उड्यांसाठीचे कडक बूट नवख्याचा घोटा वाकूच देत नाहीत. शनिवारी माझ्याबरोबर चल, पाय मोजून घेऊ. मोजे पातळ घाल.

तुझी,
मावशी