आठ वेळा हरलेल्या बॉक्सरला ‘महान’ म्हणायचं का?

तुमचा प्रश्न असा: फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओच्या नावावर ६२ विजय, ८ पराभव, ३ बरोबरी. अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर ५०-०, म्हणजे पन्नास विजय आणि एकही पराभव नाही. मग चाळिशी उलटल्यावरही खेळत राहिलेल्या, आठदा हरलेल्या माणसाच्या कारकिर्दीला महान म्हणायचं कशाच्या जोरावर? आणि खाली तुम्ही जोडलंय, ‘शेवटी आकडे खोटं बोलत नाहीत.’

महान आहे. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण ते शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो, कारण हेच वाक्य आमचे साडू मला प्रत्येक लग्नात, प्रत्येक मांडवात ऐकवत आलेत.

आधी ते आठ पराभव उघडून बघा. पहिला १९९६ चा. पोरगा १७ वर्षांचा. वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं म्हणून जड ग्लोव्हज घालून उतरावं लागलं, आणि तिसऱ्या राउंडमध्ये आडवा झाला. दुसरा १९९९ चा. फ्लायवेटचा (साधारण ५१ किलोचा गट) किताब वजन जास्त भरल्यामुळे वजनकाट्यावरच गेलेला, अंगात त्राण उरलेलं नाही, परत तिसराच राउंड. २००५ मध्ये एरिक मोरालेसकडून गुणांवर हरला. २००६ मध्ये त्याच मोरालेसला दोनदा धरलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या घंटेपर्यंत टिकू दिलं नाही. २०१२ मध्ये पंचांनी टिमोथी ब्रॅडलीला जिंकवलं, तो निकाल आजही कोणाला पचत नाही, आणि पुढे २०१४ आणि २०१६ मध्ये ब्रॅडलीची दोनदा उधारी चुकती केली. त्याच २०१२ च्या डिसेंबरात मार्केझचा उजवा बसला आणि गडी तोंडावर पडला. हा पराभव खराखुरा, त्यात पळवाट नाही. २०१५ चा मेवेदरचाही खरा. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन हॉर्नकडून हरला, तोही वादाचा. २०२१ मध्ये उगासकडून, तेव्हा वय ४२.

आता सांगा, हे आठ आठ आहेत का?

दुसरी बाजू अशी की १९९८ मध्ये जो माणूस साधारण ५१ किलोच्या गटात विश्वविजेता झाला, तोच २०१० मध्ये मार्गारितोसारख्या धिप्पाड गड्याला बारा राउंड बडवून सुपर वेल्टरचा (साधारण ७० किलोचा गट) पट्टा घेऊन गेला. आठ वजनगटांत जागतिक किताब दुसऱ्या कोणाकडे नाहीत. २०१९ मध्ये चाळिशीत त्याने थर्मनला हरवलं, आणि थर्मन तोवर एकदाही हरलेला नव्हता. जिनिंगवर व्यापारी कापसाची गाडी आली की आधी कोपरापर्यंत हात आत घालून ओल बघतो, मग भाव बोलतो. रेकॉर्डमध्येही हात आत घालावा लागतो.

५१ किलो म्हटलं की मला आमचे मामा आठवतात. गावात त्यांना फौजी मामा म्हणतात. फौजेत असताना ते याच गटात खेळले आणि नंतर ५४ मध्ये. सुट्टीवर घरी आले तरी वजन राखायचा धंदा सुरूच. खान्देशातला मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, आणि हा माणूस दोन स्वेटर आणि वर रेनकोट घालून दुपारच्या उन्हात तापीकडे धावत सुटायचा. पाणी प्यायचं नाही, नुसती चूळ भरून थुंकायची. आमची आजी शेवभाजीचं ताट समोर ठेवून रडायची. मी तेव्हा शाळेत होतो. माझ्या हातात घड्याळ असायचं आणि सायकलवरून मागे मागे जायचं काम माझं.

अशाच एका सुट्टीत भुसावळला खुली स्पर्धा लागली. मैदानावर फळ्या ठोकून रिंग केलेली, दोऱ्या इतक्या ढिल्या की टेकलं की माणूस बाहेर. मामांनी तिशी ओलांडली होती. लहान वजनाच्या गटात पोरांची ही गर्दी! दोन लढती मारल्या, दुसरीत डावी भुवई फुटली. डॉक्टर नको म्हणत होते, मामांनी व्हॅसलीन थापून घेतलं आणि फायनलला उभे राहिले. समोरचा एकोणीस-वीस वर्षांचा, लांब हाताचा, डावखुरा. पहिल्या राउंडमध्ये त्याला समजलं की कुठे मारायचं. तीन राउंड तो त्याच भुवईवर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, टाकत राहिला. मामा एकदाही मागे गेले नाहीत. डोळ्यात रक्त उतरलं तरी आत शिरून पोटात मारत राहिले, आणि गुणांवर हरले. निकाल लागल्यावर त्या पोराच्या उस्तादाने येऊन मामांचे पाय धरले. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आता साडूंचा विषय. साडू बँकेतून निवृत्त झाले आणि तालुक्यातल्या एका मंडळाचे सचिव झाले. मंडळाने जुन्या खेळाडूंसाठी जीवनगौरव जाहीर केला. फॉर्म काढला. त्यात रकाने: एकूण लढती, विजय, पराभव, टक्केवारी. टक्केवारी! कर्जाची फाइल असल्यासारखी. मीच मामांना फॉर्म भरायला बसवलं. भुसावळची ती फायनल आली तेव्हा मी म्हटलं, ‘मामा, ही कुठे कागदावर नाही, सोडून द्या.’ मामांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि पराभवाच्या रकान्यात एक आकडा वाढवला. काही बोलले नाहीत. अशा बऱ्याच वाढवल्या.

पुरस्कार मिळाला दुसऱ्यालाच. तेही एक जुने चॅम्पियन, सगळ्यात वरच्या वजनाचे. जिल्ह्याला सलग सुवर्ण, पराभवाच्या रकान्यात शून्य. छापील पत्रिकेवर ‘अपराजित’ असं ठळक अक्षरात.

ज्यांनी तालुका-जिल्हा पातळीचं बॉक्सिंग जवळून पाहिलंय त्यांना माहीत आहे की त्या काळी आमच्याकडे वरच्या वजनात एंट्री किती असायच्या. एक, फार तर दोन. एकच असेल तर वजन करून सही करा आणि पदक घरी न्या. दोन असतील तर दुसरा बहुतेक वेळा स्वतःच्याच तालमीतला, आणि वजन झालं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. वॉकओव्हर. कागदावर तोही विजयच. इकडे ५१ आणि ५४ मध्ये पदकापर्यंत जायला तीन-तीन, चार-चार गडी झोडावे लागायचे. म्हणजे फुटक्या भुवईने खेळलेली फायनल मामांच्या नावावर वजा, आणि न खेळलेली फायनल त्या ‘अपराजित’ चॅम्पियनच्या नावावर जमा. हे मी साडूंना भर मांडवात विचारलं. ते म्हणाले, ‘नियमात बसतं ते बसतं. तुमच्या हिशोबाने मग हरणारा प्रत्येक जण महान व्हायचा.’

मामा तिथेच पंगतीत होते. मला म्हणाले, ‘जाऊ दे भो. त्याले शाल लागस, माले नही.’ आणि वांग्याचं भरीत आणखी वाढून घेतलं. त्यांना नसेल लागत. मला लागते.

साडूंच्या त्या वाक्याला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आता आहे. इंग्लंडात पीटर बकली नावाचा बॉक्सर होऊन गेला. ३०० लढती, त्यात २५६ पराभव. नवीन पोरांना अनुभव मिळावा म्हणून प्रमोटर त्याला बोलवायचे, तो यायचा, खेळायचा, हरायचा, पैसे घेऊन घरी जायचा. नसीम हमीदसारख्याशीही तो खेळला. कामाला पक्का माणूस. पण त्याला महान कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. तेव्हा हरलं की मोठं, असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. माझं म्हणणं एवढंच की समोर कोण होतं ते विचारा. आणि हेही विचारा की तो तेव्हा किती भरात होता, लढत कोणाच्या गावात झाली, वजन कोणी कोणाच्या सोयीने ठरवलं, हरल्यावर परत त्याच माणसासमोर उभा राहिला की रस्ता बदलला. प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये तर पहिले दहा-पंधरा विजय बहुतेक वेळा प्रमोटरने निवडून दिलेले असतात. त्यांना बघून हुरळायचं नाही.

म्हाताऱ्या बॉक्सरचा रेकॉर्ड वाचताना तारखा आधी बघा. शुगर रे रॉबिन्सनचे १९ पराभव आहेत. त्यातले १३ १९६० पासून पुढचे, म्हणजे वयाच्या ३८ नंतरचे. त्याआधीच्या वीस वर्षांत फक्त सहा. जाणकार लोक आजवरचा सर्वोत्तम म्हणून त्याचंच नाव घेतात, आणि साडूंच्या फॉर्ममध्ये तो नापास! अलीचे शेवटचे दोन पराभव, १९८० चा होम्सकडून आणि १९८१ चा बर्बिककडून, हे ज्या अलीचे आहेत तो फोरमनला झोपवणारा अली राहिलेलाच नव्हता. ते मोजा, पण वेगळ्या पानावर.

काही गोष्टी मात्र कबूल करायला हव्यात, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस चिडून लिहितोय. मेवेदरही महानच आहे. त्याची पन्नासावी लढत मॅकग्रेगरशी, ज्याची ती बॉक्सिंगमधली पहिलीच प्रोफेशनल लढत होती, तेव्हा ती मी धरत नाही. पण कोरालेस, कॉटो, अल्वारेझ, आणि खुद्द पॅकियाओ यांना त्याने हरवलंय, ते कुठे जाईल? हेवीवेट रॉकी मार्सियानोच्या ४९-० चंही तेच, त्यात म्हातारा जो लुई आहे तसा तेव्हाचा विश्वविजेता वॉलकॉटही आहे. वरच्या वजनाचेही सगळे वॉकओव्हरवाले नसतात. आपले हवासिंग त्याच गटातले, १९६६ आणि १९७० असं दोनदा आशियाई सुवर्ण जिंकून आले. त्यांना कोणी बसल्या जागी पदक दिलेलं नाही. आणि पॅकियाओने २०२५ मध्ये, ४६ व्या वर्षी, परत रिंगमध्ये उतरायला नको होतं असं माझं मत आहे. बारियोसशी बरोबरी झाली म्हणून निभावलं. डोक्याला मार बसतो तो वय बघून बसत नाही. मामांचाही डावा कान आता जवळजवळ गेलाय.

मंडळाचे फॉर्म यंदाही निघालेत, तोच टक्केवारीचा रकाना घेऊन. मामांचा फॉर्म मी परत भरणार आहे, सगळ्या पराभवांसकट, आणि प्रत्येकासमोर प्रतिस्पर्ध्याचं नाव लिहून. साडूभाऊ, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. तुमच्या अपराजित चॅम्पियनने फायनलमध्ये ज्याला रिंगमध्ये उभं राहून हरवलं, असं एक नाव सांगा. एकच.