गुंतवणूकदाराचीही चौकशी करावी

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन मैत्रिणींसह तिने द्राक्षबागायतदारांना फवारणीची वेळ सांगणारे अ‍ॅप तयार केले असून एक व्हेंचर कॅपिटल फंड, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणारा फंड, त्यात पैसे घालायला तयार आहे. तिला लगेच होकार द्यायचा आहे आणि आपल्याला मुलगी कर्जात अडकेल अशी धास्ती वाटते, असे आपण लिहिले आहे.

आधी धास्तीबद्दल. हे कर्ज नसते. पैशाच्या बदल्यात फंड कंपनीचे समभाग घेतो आणि कंपनी बंद पडली तर सहसा ते पैसे फेडावे लागत नाहीत. मात्र वैयक्तिक हमी मागितली गेली, तर ती मुळीच देऊ नये.

खरा प्रश्न वेगळा आहे. फंडातला बहुतेक पैसा इतरांचा असतो आणि तो साधारण दहा वर्षांत वाढवून परत करायचा असतो. बऱ्याच कंपन्या बुडणार हे गृहीत धरलेले असल्यामुळे उरलेल्या दोन-तीन कंपन्यांनी सगळ्यांची भरपाई करावी लागते, म्हणून ‘हा धंदा नफ्यात येईल का’ यापेक्षा ‘हा अनेक पटींनी वाढेल का’ हे तिथे अधिक पाहिले जाते. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना उत्तम सेवा देऊन तिघींचा संसार नीट चालवणारा व्यवसाय मला मोलाचा वाटतो, पण त्याला हा पैसा मानवत नाही. त्यासाठी बँक किंवा सरकारी अनुदान बरे. मुलीला नेमके काय हवे आहे, हे तिला आधी विचारा.

वाढीचीच वाट धरायची असेल, तर माणसे पारखावीत. 1999 मध्ये सिकोया आणि क्लायनर पर्किन्स या अमेरिकी गुंतवणूक संस्थांनी गूगलमध्ये मिळून अडीच कोटी डॉलर घातले, तेव्हा अनुभवी मुख्याधिकारी नेमावा असा त्यांचा आग्रह होता. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन पुढे त्याला नाखूश झाले. क्लायनर पर्किन्सच्या जॉन डोअर यांनी त्यांची मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांशी भेट घडवून आणली. त्या भेटींनंतर दोघांनाही ती गरज पटली आणि 2001 मध्ये एरिक श्मिट मुख्याधिकारी म्हणून आले. पैशाइतकीच ही मदतही मोलाची होती, असे मी मानतो. आपल्याकडे ‘नोकरी डॉट कॉम’ चालवणाऱ्या इन्फो एज कंपनीने 2010 मध्ये झोमॅटोत पहिली गुंतवणूक केली आणि 2021 मध्ये कंपनी शेअर बाजारात येईपर्यंत ती टिकून राहिली; पैसा स्वतःचा असल्याने दहा वर्षांची मुदत तिच्या मानेवर नव्हती.

म्हणून मुलीने फंडाला विचारावे की दहापैकी त्यांचे कितवे वर्ष चालू आहे. ज्यांच्या कंपन्या बंद पडल्या अशा संस्थापकांशीही तिने बोलावे, कारण वाईट महिन्यांत फंड कसा वागला हे त्यांनाच ठाऊक असते. कंपनी विकली गेल्यास आधी फंडाची रक्कम निघेल, असे कलम बहुधा असते, आणि संस्थापकांचे समभागही अनेकदा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने त्यांचे होतात; तिघींपैकी एखादी नोकरीला गेली तर काय, हे आपसांत आत्ताच लिहून ठेवावे.

पदवी मात्र तिने पूर्ण करावी. परीक्षेपर्यंतचे काही महिने मागून घ्यायला संकोच नको. कराराचा मसुदा हाती आला की कंपनी कायद्याचे काम करणाऱ्या वकिलाला दाखवा, आणि तो वकील फंडाने सुचवलेला नसावा.