क्यूब लहान करा, ओढाताण वाढवा

प्रश्न : आम्ही चौघं मित्र ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळतो. दर वेळी नवे पॅक फोडण्याऐवजी मी जवळच्या कार्डांमधून ५४० कार्डांचा क्यूब, म्हणजे ड्राफ्टसाठी स्वतः निवडलेला संच, तयार केला आहे, प्रत्येक कार्ड एकदाच. सगळ्यांचे आवडते कॉम्बो (एकत्र आल्यावरच जोरात चालणाऱ्या कार्डांच्या जोड्या) त्यात घातले, पण ड्राफ्टमध्ये, म्हणजे पॅक फिरवत एकेक कार्ड उचलून डेक बांधताना, ते जुळतच नाहीत. अ‍ॅग्रो, म्हणजे पहिल्यापासून झटपट हल्ला करणारा डेक, घेणारा हमखास हरतो. शेवटी जो तो दिसेल ते दणकट कार्ड उचलतो आणि चारही डेक एकसारखे होतात. कार्डं चांगली असून असं का होतं?

उत्तर : आधी हिशेब मांडू. ड्राफ्टमध्ये माणशी ४५ कार्डं लागतात, म्हणजे चौघांना १८०. तुमच्या ५४० पैकी दर वेळी एक तृतीयांशच टेबलावर येतात. कॉम्बोचं एक कार्ड येण्याची शक्यता तीनात एक, दोन्ही येण्याची साधारण नवात एक. आली तरी ती एकाच खेळाडूच्या हाती लागायला हवीत. मॅजिक ऑनलाइनवरचा व्हिंटेज क्यूबही ५४० चा आहे, पण तिथे आठ जण बसतात, ३६० कार्डं वापरात येतात आणि प्रत्येक कार्ड तीनात दोनदा भेटतं. तुम्ही आकडा तोच ठेवलात आणि खेळाडू निम्मे केलेत.

चौघांसाठी २४० कार्डं पुरतात. मग प्रत्येक कार्ड चारात तीनदा येईल आणि जोडीतली दोन्ही येण्याची शक्यता निम्म्याहून वर जाईल. माझी वाटणी अशी : पाचही रंगांना प्रत्येकी ३६, दुरंगी कार्डं २०, ड्युअल लँड (दोन रंगांचा माना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी शक्ती, देणारी कार्डं) ३०, रंगहीन १०. तीस लँड पाहून दचकू नका. दहाही रंगजोड्यांना जेमतेम तीन-तीन मिळतात, आणि माना जुळला नाही म्हणून हातात कार्डं धरून हरण्यासारखा वैताग दुसरा नाही.

आता कार्डांकडे वळू. क्यूब उभा राहतो तो अशा कार्डांवर, जी दोन वेगळ्या खेळाडूंना दोन वेगळ्या कारणांसाठी हवी असतात. मॉग वॉर मार्शल घ्या. दोन मानांचा १/१ (ताकद एक, टिकाव एक) गॉब्लिन क्रीचर, म्हणजे लढणारं कार्ड. येताना एक १/१ गॉब्लिन टोकन देतो, मरताना आणखी एक. त्याला इको आहे, म्हणजे पुढच्या टर्नला पुन्हा तेवढाच माना भरायचा, नाहीतर तो सॅक्रिफाइस होतो, म्हणजे बळी जातो. लाल-पांढरा अ‍ॅग्रो खेळणाऱ्याला तो हवा, कारण दोन मानांत हल्ल्याला दोन क्रीचर मिळतात. काळा-लाल सॅक्रिफाइस खेळणाऱ्यालाही तो हवाच, पण इको न भरण्यासाठी! शेजारी व्हिसेरा सीअर (हवं तेव्हा क्रीचर सॅक्रिफाइस करू देणारं कार्ड) आणि ब्लड आर्टिस्ट असतील, तर मार्शल आणि त्याची दोन टोकनं मिळून तीन क्रीचर मरतात, आणि ब्लड आर्टिस्ट प्रत्येक मृत्यूला समोरच्याचा एक लाइफ काढून तुम्हाला देतो. एका कार्डावर दोघांची नजर असली की पहिल्या पॅकपासूनच टेबलावर चढाओढ सुरू होते. माझ्या क्यूबमधून बाकी काहीही काढा म्हणाल तर मी ऐकेन, मार्शलला हात लावू देणार नाही.

याउलट टेंड्रिल्स ऑफ अ‍ॅगनी पाहा. त्याला स्टॉर्म आहे, म्हणजे त्या टर्नला आधी जितके स्पेल खेळले तितक्या त्याच्या जादा कॉपी होतात. एका कॉपीला दोन लाइफ जातात. वीस लाइफ एका फटक्यात संपवायचे तर त्याच टर्नला आधी नऊ स्पेल खेळावे लागतात. हे कार्ड एका आणि एकाच डेकला हवं. तो डेक कुणी बांधत नसेल तर ते पॅकमधली एक जागा अडवून बसतं, शिवाय त्याला सांभाळायला आणखी दहा-बारा तसलीच कार्डं घालावी लागतात. मला स्टॉर्म मनापासून आवडतो, तरीही चौघांच्या क्यूबमध्ये मी तो घालत नाही.

यादी समोर घेऊन बसा आणि प्रत्येक कार्डापुढे, ते ज्यांना हवं अशा दोन डेकची नावं लिहा. एकच नाव सुचलं तर त्या कार्डावर खूण करा. खुणा मोजल्यावर तुमचे कॉम्बो कुठे अडकले ते दिसेल. काही ठेवा, जरूर ठेवा, पण ज्यांचे दोन्ही भाग एकेकटेही खेळता येतात असेच.

अ‍ॅग्रो हरतो त्याचं कारणही हिशेबातच आहे. ४० कार्डांच्या डेकमध्ये सोळा-सतरा लँड गेले की उरलेल्यांत अ‍ॅग्रोला पाच-सहा तरी वन-ड्रॉप (एका मानाचे क्रीचर) हवेत. तुम्ही लाल रंगात सहा घातले असतील, तर ५४० मधून सरासरी दोनच समोर येणार. गॉब्लिन गाइडसारख्या दोनच वन-ड्रॉपवर कुणी अ‍ॅग्रो बांधू नये. लाल आणि पांढऱ्यात ३६ पैकी प्रत्येकी आठ वन-ड्रॉप ठेवा; सरासरी सहा समोर येतील. सॅव्हना लायन्ससारखं साधं २/१ पाहून नाक मुरडू नका. पहिल्या टर्नपासून कुणीच हल्ला करत नसेल तर बाकीच्यांना सहा-सहा मानांची कार्डं निवांत खेळता येतात. मग सर्वांत दणकट कार्ड उचलणं हेच शहाणपण ठरतं, आणि तुमचे चार डेक एकसारखे होतात ते यामुळेच.

जाता जाता एक. चौघांत १५ कार्डांचा पॅक फिरवलात तर तोच पॅक प्रत्येकाकडे तीन-चारदा येतो आणि कुणी काय उचललं ते उघड होतं. त्याऐवजी नऊ-नऊ कार्डांचे पाच पॅक करा. ४५ ची बेरीज तीच राहते आणि पहिली निवड करायची संधी तीनऐवजी पाचदा मिळते.

प्रश्न : कधी कधी आम्ही दोघंच असतो. तेव्हा क्यूब वापरता येतो का?

उत्तर : हो, ग्रिड ड्राफ्ट करा. नऊ कार्डं उघडी, तीन-तीनच्या तीन ओळींत मांडा. पहिला खेळाडू एक आडवी किंवा उभी ओळ उचलतो, मग दुसरा उरलेल्यांतून एक ओळ घेतो. राहिलेली कार्डं बाजूला. पुढच्या वेळी दुसऱ्याने आधी घ्यायचं. अशा अठरा फेऱ्यांत १६२ कार्डं संपतात. रिचर्ड गारफिल्ड यांचा विन्स्टन ड्राफ्टही दोघांसाठीच आहे, पण त्यात कार्डं पालथी असतात. मला सगळं समोर मांडलेलं आवडतं, कारण समोरच्याला काय हवंय ते ओळखून ओळ निवडण्यातच खरी मजा आहे.

प्रश्न : क्यूबमधून कोणती कार्डं काढायची ते कसं ठरवावं?

उत्तर : दोन टोकांकडे पाहा. पहिलं टोक सोल रिंगचं. एका मानात येतं, दर टर्नला दोन माना देतं, कुठल्याही रंगाच्या डेकमध्ये जातं. ते दिसलं की उचलायचं, विचार करायला जागाच नाही. उमेझावाज जिट्टेही तसंच, वर ते छोटे क्रीचर पटापट मारतं, म्हणजे ज्या अ‍ॅग्रोला आपण इतकं जपलं त्याच्याच मुळावर उठतं. दोन्ही काढा.

दुसरं टोक न खेळल्या गेलेल्या कार्डांचं. ड्राफ्ट संपल्यावर कार्डं लगेच एकत्र करू नका, आधी प्रत्येकाचा साइडबोर्ड, म्हणजे उचलूनही डेकबाहेर ठेवलेली कार्डं, पाहा. हिरवा न खेळणाऱ्याकडे हिरवं कार्ड पडून असेल तर त्यात काही नाही. पण हिरवाच डेक बांधणाऱ्याने एखादं हिरवं कार्ड बाहेर ठेवलं असेल तर का ते त्याला तिथल्या तिथे विचारा. पुढच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या कुणीही तेच केलं, तर ते कार्ड बदला.