ट्रेमध्ये तुपाचं तळं आणि आतून पाव: क्रोसाँचे पापुद्रे का सुटत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात नाशिकला घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये), घरच्याच लोण्यावर क्रोसाँ, म्हणजे बटरच्या थरांचे फ्रेंच पापुद्री रोल, केले. ट्रेमध्ये तूप साचलं, खालून तळल्यासारखे झाले आणि कापले तर आत पाव. माझ्या मते गडबड दोन ठिकाणी आहे, लोणी आणि मे महिना.

आधी लोणी. चिरोट्याच्या साट्याची सवय असल्यामुळे वाटतं, थरात काहीही तुपकट गेलं की पापुद्रे सुटणार. पण चिरोटा तुपात तळला जातो आणि साट्याचं काम थर चिकटू न देणं एवढंच असतं. क्रोसाँत बटर थर वेगळे ठेवतं, शिवाय ओव्हनमध्ये त्यातल्या पाण्याची वाफ होऊन थर वर उचलले जातात. विकतच्या बटरमध्ये 80 ते 82 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तुपात पाणी जवळपास नसतंच, म्हणून तूप बाद. घरच्या लोण्यात ताक किती राहिलंय याचा भरवसा नाही. लाटताना त्याला पाणी सुटतं, पारी भिजते आणि थर एकमेकांत मिसळतात. त्यामुळे विकतचं बिनमिठाचं बटर आणा. मिठाचंच मिळालं तर खालच्या प्रमाणातलं मीठ निम्मं करा.

बेकरीतली खारी भर उन्हाळ्यात कशी फुलते, असं मनात आलं असेल. ती बहुतेक वेळा बटरची नसते. त्यात पेस्ट्री मार्जरीन (वनस्पती तेलाचं, बटरसारखं घट्ट स्निग्ध) असतं, ते 40 अंशांच्या वर वितळतं आणि म्हणूनच खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो. बटर 32 ते 35 अंशांना वितळतं, पण लाटताना 20 अंशांच्या वरच ते हातातून जायला लागतं.

ओटीजीला झेपेल असं 9 नगांचं प्रमाण: मैदा 250 ग्रॅम, गार दूध 70 आणि गार पाणी 70 ग्रॅम, साखर 28, मीठ 5, इन्स्टंट यीस्ट 4, पारीत घालायला मऊ बटर 20 आणि थरांसाठी 125 ग्रॅम बटर. सगळं वजनकाट्यावर मोजा, वाटीच्या मापावर हे जमत नाही.

गोळा चार-पाच मिनिटंच मळा. पावासारखा तन्य होईपर्यंत मळलात तर लाटताना तो रबरासारखा मागे येतो, मग आपण जोर लावतो आणि थर फाटतात. चपटा चौकोन करून झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा.

सकाळी 125 ग्रॅम बटर दोन बटर पेपरांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकत 14 बाय 14 सेंटिमीटरची, साधारण 7 मिलिमीटर जाडीची वडी करा. आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा: वडी कागदासकट ओट्याच्या कडेवरून वाकवा. कमरेच्या पट्ट्यासारखी वाकली तर तयार. कडकन मोडली तर जास्त गार आहे, पाच मिनिटं बाहेर ठेवा. कागदाला चकचकीत डाग पडून बोट रुतलं तर मऊ आहे, परत फ्रीजमध्ये. हे 13 ते 16 अंशांचं बटर, आणि पारी त्याच्याइतकीच घट्ट हवी. फ्रीजमधली दगडासारखी वडी पारीत घातली की लाटताना आत तिचे तुकडे होतात आणि पारीतून फरशीच्या तुकड्यांसारखी नक्षी दिसते. तुकड्यांमधल्या फटींत मैद्याला मैदा चिकटतो, तिथे पाव तयार होतो. तुमचं "आतून पाव" काही अंशी इथलंही असू शकतं.

पारी 15 बाय 29 सेंटिमीटर लाटा, अर्ध्यावर वडी ठेवा, वही मिटावी तशी मिटा आणि कडा दाबा. एकाच दिशेने 15 बाय 45 लाटा, कोरडा मैदा ब्रशने झटका आणि तीन पदरी घडी घाला. पिशवीत घालून 30 ते 40 मिनिटं फ्रीजमध्ये. मग मिटलेली बाजू डाव्या हाताला घेऊन पुन्हा तसंच, एकूण तीन घड्या. बटरचे थर 3 गुणिले 3 गुणिले 3, म्हणजे 27 होतात. चौथी घडी घालायचा मोह होतो, पण मग 81 थर होतात, इतके पातळ की हाताने लाटताना एकजीव होतात. थर मोजके पण अखंड ठेवा. मध्येच पिवळा चिकट ठिपका वर आला तर त्यावर मैदा भुरभुरून दहा मिनिटं फ्रीजर. रेटून लाटू नका.

तिसऱ्या घडीनंतर तासभर विश्रांती, मग 26 बाय 50 सेंटिमीटर, 4 मिलिमीटर जाड. कडा धारदार सुरीने छाटा. सुरी ओढली की थर चिकटतात, सरळ खाली दाबा. 10 सेंटिमीटर पायाचे त्रिकोण कापा आणि सैलसर गुंडाळा. चंद्रकोरीचा आग्रह नको. फ्रान्समध्ये तर सरळ क्रोसाँ बहुधा बटरचं आणि वाकडं मार्जरीनचं असा संकेत आहे.

आता मे महिना. गुंडाळलेले क्रोसाँ 24 ते 26 अंशांना दोन ते अडीच तास फुगायला हवेत. आपल्या स्वयंपाकघरात मेमधल्या दुपारी 34 अंश सहज असतात. तिथे यीस्ट जोरात असतं, पण बटर भट्टीत जाण्याआधीच वितळून मैद्यात मुरतं. हा प्रकार पहाटे करा, किंवा थर्माकोलच्या डब्यात गार पाण्याची बाटली ठेवून त्यात ट्रे ठेवा. याउलट जानेवारीत, निफाडकडचा गारठा शहरात उतरलेला असतो तेव्हा, कडाप्प्याचा ओटाच फ्रीजचं काम करतो आणि लाटायला तो सगळ्यात चांगला काळ. फुगायला मात्र चार-पाच तास लागतात. बंद ओटीजीत कोमट पाण्याची वाटी ठेवा, गरम नको, आणि ओटीजी चालू तर अजिबात नको.

घाईही तितकीच नडते. कमी फुगलेल्या क्रोसाँमधूनही बटर गळतं, कारण घट्ट मैद्याला ते धरून ठेवता येत नाही. ट्रे हलवला की जेलीसारखे थरथरायला हवेत आणि बाजूने थर मोकळे दिसायला हवेत.

वरून अंडं फेटून लावा, नाहीतर दूध-साय. कापलेल्या कडांवर लावू नका, थर तिथेच चिकटतात. दोन्ही रॉड लावून रिकामा ओटीजी 210 अंशांवर 20 मिनिटं तापवा, मग ट्रे आत ठेवून 200 वर दहा आणि 180 वर बारा-चौदा मिनिटं. मध्ये दार उघडू नका. रंग खारीपेक्षा गडद, तांबूस-तपकिरी यायला हवा. फिकट काढले तर दहा मिनिटांत मऊ पडतात. थोडं बटर ट्रेवर येतंच, तळं नको इतकंच. जाळीवर अर्धा तास थांबून मगच कापा, नाहीतर आतली जाळी सुरीखाली दबते.

नऊच्या नऊ एकदम नको असतील तर गुंडाळल्यावर, फुगण्याआधीच फ्रीजरमध्ये टाका, आठवडाभर चालतात. आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये काढायचे आणि सकाळी वर सांगितल्यासारखे फुगवायचे.